वरची चिमूट

माझी नणंद जुई हिचं मी जेवढं कौतुक केलं आहे, तेवढं आमच्या भोरात कुठल्याच भावजयीनं नणंदेचं केलेलं नसेल. आळीतल्या बायका मला विचारतात, "रेवती, तुझ्या नणंदेनं तुला काही खाऊ घातलंय की काय?" मी म्हणते, बाई गं, घातलं असेल तर मीच तिला घातलंय, वालाची उसळ. तिनं मला फक्त एकदाच रडवलं, तेही स्वतः रडून.

आमचं बियाण्यांचं दुकान आहे. 'रासकर बियाणे भांडार', बाजारपेठेत, घड्याळाच्या चौकाजवळ. भाज्या, फुलं, कुंपणाची झुडपं, रस्त्याकडेची झाडं, ज्याला जे लावायचं त्याचं बी आमच्याकडे मिळतं. माझे यजमान पुण्यात नोकरीला, ते शनिवारी येतात. दुकान सासरे बघतात, म्हणजे आबा, आणि त्यांच्या जोडीला मी. आता निम्मं गिऱ्हाईक मोबाइलवर मागणी नोंदवतं आणि पुडा ड्रोननं जातो, पण ज्याला बी हातात घेऊन बघायचं असतं तो माणूस अजून दुकानातच येतो.

आबांची एक पद्धत होती. बी काट्यावर मोजलं, पुडी बांधायला घेतली, की ते बरणीत पुन्हा बोटं घालायचे आणि एक चिमूट वर टाकायचे. ही वरची चिमूट दिल्याशिवाय त्यांनी कधी गिऱ्हाईक पाठवलं नाही. पद्धत मूळची माझ्या सासूबाईंची. सोनाबाई त्यांचं नाव. त्या म्हणायच्या, काट्यावरचं आपण विकतो, वरचं आपण देतो, आणि माणूस आठवण ठेवतो ती दिलेल्याची.

सासूबाई मला फार थोडी वर्षं लाभल्या. जुई कॉलेजात असतानाच त्या गेल्या. पण मागे एक गोष्ट ठेवून गेल्या, त्यांचा वाल. परसातल्या कुंपणावर त्यांनी सगळी हयात तो वाल लावला, दर साली चांगल्या वेलाच्या शेंगा बियाण्यासाठी राखल्या, कडवट निघालेला वेल उपटून टाकला. असं करता करता जांभळ्या काठाच्या शेंगेचा, अजिबात कडवटपणा नसलेला वाल तयार झाला. पंचक्रोशीत त्याला सोनाबाईचा वाल म्हणतात. सासूबाईंचा फोटो भिंतीवर आहे, पण फोटोला शेंगा लागत नाहीत. आमच्यासाठी त्या वालातच होत्या.

जुईनं बियांचंच शास्त्र शिकून घेतलं, पुण्यात संशोधन संस्थेत लागली, आणि एका उन्हाळ्यात एक यंत्र घेऊन घरी आली, ती संस्थेचं काम इथूनच करायला. पोळपाटाएवढं होतं. आबांच्या गल्ल्याशेजारी तिनं ते ठेवलं आणि मला जवळ बोलावलं.

"वहिनी, बी जिवंत असतं हे माहितीये ना?"

"वन्सं, मी बियाण्याच्या दुकानात उभी असते."

"हो, पण ते श्वास घेतं हे माहितीये?"

ते मला माहीत नव्हतं. मग तिनं जे सांगितलं, ते मी आजही गिऱ्हाइकांना तिच्याच शब्दांत सांगते. बी म्हणजे शिदोरी बांधून निजलेलं बाळ. कोरडं असताना त्याचा श्वास इतका मंद, की असून नसल्यासारखा. त्याला थोडा दमटपणा दिला की ते कूस बदलतं, श्वास वाढतो, आजूबाजूचा प्राणवायू ते ओढून घ्यायला लागतं. तिच्या यंत्रात प्रत्येक बीला आपापला मोहरीएवढा खळगा होता, मोठ्या बियांना मोठा, आणि वरून पातळ झाकण. त्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक रंग लावलेला. निळा उजेड पडला की तो रंग चमकतो, पण भोवती प्राणवायू असला की त्याची चमक दबते. बी श्वास घेऊ लागलं की खळग्यातला प्राणवायू कमी होतो आणि रंग जास्त चमकायला लागतो. ती चमक कॅमेरा बघत राहतो. कुठलं बी उगवणार, किती जोमानं उगवणार, हे बी न फोडता, न पेरता कळतं. मग यंत्र ते बी परत सुकवून देतं. हिरवा दिवा म्हणजे जिवंत, ते पुड्यात. लाल दिवा म्हणजे मेलेलं, ते बाजूच्या वाटीत.

आधी आम्ही ओल्या फडक्यात मूठभर बी गुंडाळून ठेवायचो आणि किती मोड आले ते बघायचो. त्यावरून सगळ्या पोत्याचा अंदाज. आता एकेका बीचा जीव कळायला लागला. मी त्या दिवशी जुईकडे बघतच राहिले. मला वाटलं, हिनं बीच्या छातीला कान लावला.

पुढं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. लोक बी वजनानं मागेनासे झाले, नगावर मागायला लागले. एका आळ्यात दोन-तीन बिया टाकायच्या आणि नंतर जादा रोपं उपटायची, ही रीतच मोडली. टोमॅटो लावला तेवढा उगवला, झेंडू लावला तेवढा फुलला. सोसायटीच्या गच्चीवर पाच कुंड्या ठेवणारी बाई आणि पाच एकरांवर भाजी करणारा माळी, दोघंही सारखेच खूश. बहाव्याच्या, शिसवीच्या बिया घेणारे वनखात्याचे लोकही यायला लागले. बहाव्यासारखं दगडासारख्या सालीचं बी जुई आधी घासून मग यंत्रात ठेवायची. घरी बी राखून ठेवायची कटकट लोकांनी सोडून दिली. दर साली रासकरांकडून घेतलं की झालं.

एकच भांडण झालं, पण ते झोंबणारं झालं. लाल वाटीतलं बी फेकून द्यायला आबांचा हात होईना. ते त्यातली चिमूट वर म्हणून द्यायला लागले.

जुईनं ते पाहिलं आणि ती भडकली. "आबा, मेलेलं बी लोकांना देताय?"

"देतोय, इकत न्हाय."

"नाव आपलं जातं त्यात. आईच्या वालाचं नाव जातं."

"तुझी आय वर दिल्याबिगर कुणाला पाठवत न्हवती."

"आई चांगलं बी वर द्यायची!"

आबांनी तरीही चिमूट पुडीत टाकली. गिऱ्हाइकांसमोर जुई सांगायला लागली, की वर दिलेलं आहे ते मेलेलं आहे, वाफ्यात घालू नका. लोक हसून पुडी खिशात घालायचे. आबांचा चेहरा मात्र पडायचा. बापलेकीचं बोलणं त्या सालापासून दुकानापुरतं झालं.

आता माझ्या स्वयंपाकघरातली गोष्ट. वाल भिजवला की सगळे दाणे फुगतात, पण काही दाणे दगडासारखे राहतात. त्यांना आपण गणंग म्हणतो. कितीही शिजवा, दाताखाली आले की कवळी हलते. त्याच पहिल्या वर्षी जेवताना आबांच्या दाताखाली एक आला. जुईनं तो उचलून बोटांत फिरवला.

"हेच ते लाल दिव्याचे. यांची साल पाणी आतच घेत नाही. पाणी नाही, तर श्वास नाही."

आबांनी ताटावरून मान वर केली. "म्हंजे मेलेलं न्हाय?"

"आबा, पुड्यात मेलेलं बी आणि न उगवणारं बी सारखंच. बहावा लावणारा वर्षभर थांबतो, वाल लावणाऱ्याला यंदाच वेल हवा असतो."

तिचं चूक नव्हतं. गिऱ्हाईक म्हणून मीही तेच म्हटलं असतं. बाजारात कठीण सालीचं बी हा दोषच धरतात, आणि दोष काढायला बसलेल्या माणसानं तो काढला. हिरव्या दिव्याचंच बी आम्ही आमच्या बियाण्याच्या प्लॉटमध्ये लावलं, त्यातून आलेल्यातलं पुन्हा हिरव्याचंच. असं तीन-चार वर्षं चाललं. लाल वाटी उणी उणी होत गेली, आणि माझ्या उसळीतले गणंग नाहीसे झाले. मी काय आनंदात! ज्याला त्याला सांगायची, आमच्या वन्संनी वालाचं जन्माचं दुखणं काढलं. उसळ लोण्यासारखी व्हायची.

एका साली लाल वाटी रिकामीच राहिली. आबांनी ती उचलून आत पाहिलं, बोट फिरवलं. "यंदा चिमटीला काय उरलं न्हाय गं," ते मला म्हणाले. पुडे तर यंत्रच बंद करायचं, त्यात बोट घालायची सोय नव्हती. दुकानात बसलेले आबा मग गल्ल्याच्या लाकडावर नुसती बोटं आपटत राहायचे. मला ते बघवत नसे.

त्याच उन्हाळ्यात एका मोठ्या कंपनीची माणसं आली. जुईचं यंत्र त्यांना देशभरच्या दुकानांत ठेवायचं होतं, आणि जाहिरातीला सोनाबाईचा वाल हवा होता. लावलेल्यातलं एकूण एक बी उगवतं असा दुसरा वालच नव्हता. हंगाम संपला की करारावर सही, असं ठरलं. आईचं नाव सगळीकडे जाणार म्हणून जुईच्या पायांना घरात जमीन लागत नव्हती.

मग तो हंगाम आला. पाऊस लवकर पडला, चांगला पडला, मोबाइलवरचे सगळे अंदाज पुढेही चांगलेच होते. सगळ्यांनी एकेक बी मातीत खोचून वाल टोकला. आमच्या प्लॉटमध्ये सगळा वाल एकाच दिवशी वर आला. ओळीत एकही मोकळी जागा नाही. जुईनं फोटो काढला, कंपनीला पाठवला. आणि पाऊस गेला. नीरा नदीला पाणी उरलं ते प्यायलाच, शेताला सोडायची मनाई झाली. कोवळे वेल उभ्या उभ्या वाळले. मध्ये ढग आले, तशी घरात राखलेली शेवटची पिशवीसुद्धा जुईनं घाईनं टोकून टाकली. तीही एकाच दिवशी वर आली आणि एकाच आठवड्यात गेली.

"संस्थेच्या शीतगृहात असेल ना थोडं?" मी विचारलं.

"नाही ठेवलं वहिनी. घरचं बी, घरात आहेच, म्हणून कधी ठेवलंच नाही."

लोकांकडे विचारून पाहिलं. सगळ्यांनी सगळं लावलं होतं, आणि राखून तर कुणीच ठेवलं नव्हतं. सोनाबाईचा वाल संपला होता.

मी प्लॉटवर गेले तेव्हा जुई वाळलेल्या ओळीत बसून बोटांनी माती उकरत होती. मला वाटलं मुळं बघतेय. तर ती बी शोधत होती, एखादं न उगवलेलं.

"एकही नाही, वहिनी," ती म्हणाली. "एकही मागं राहिलं नाही."

तिची समजूत काढावी म्हणून मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, "तुम्ही काय कमी केलंत वन्सं? माझ्या उसळीत आता एक गणंग येत नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. "तेच तर होते वहिनी. तेच मागं राहणारे होते. मी एकेक करून वेचून काढले, आणि तुम्ही कौतुक करत होतात आणि मी ऐकत होते." मग मीही रडले. त्या उसळीची चव मी किती जणांना सांगितली होती!

ती तशीच उठली, दुकानात गेली आणि आबांसमोर उभी राहिली. "आबा, आईचा वाल मी संपवला."

मी दारातच थांबले. मला वाटलं, आता चार वर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडणार. आबांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाले, "सकाळपास्नं काय खाल्लंस का?" आणि तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं.

पाऊस परत आला तो श्रावण सरता सरता. दिवाळीच्या तोंडावर हलीमाभाभी बागवान मेथी आणि कोथिंबिरीचं बी घ्यायला आल्या. वेळवंडी नदीकाठी त्यांचा मळा आहे, आमचं फार जुनं गिऱ्हाईक. पुडे पिशवीत टाकता टाकता त्या म्हणाल्या, "आबा, तुमचा वाल गेला म्हणत्यात सगळी. मग माझ्या कुंपणाला हाय तो कुणाचा?"

आबा खुर्चीतून पुढं सरकले. "कसला वाल?"

"जांभळ्या काठाचा. शेंग धराया लागलाय की आता."

"तू यंदा राखला हुतास?" आबांनी विचारलं.

"राखतीया कुठली! तुम्ही वर दिल्याला तो, मागं कधी. ताई बोलल्या मेल्यालं बी हाय, वाफ्यात घालू नका. म्हणून कुंपणाकडंला टाकलं. फेकून कसं द्यायचं, तुम्ही हातानं दिल्यालं? दर साली येखादा-दुसरा वेल येतो त्यातनं. यंदा तर मळ्यात लावल्याला समदा जळला, आन् पाऊस आल्यावर कुंपणाचा वर आला."

जुई पायात चप्पल न घालताच भाभींच्या गाडीत जाऊन बसली. मीही गेले. कुंपणावर तीन वेल चढले होते, आणि जुई त्यांच्याशेजारी मातीत फतकल मारून बसली होती. शेंग हातात धरून तिनं काठाचा जांभळा रंग बघितला आणि मला सांगायला लागली, थेट यंत्र आणलं त्या दिवशीच्या उत्साहात.

"साल कठीण असते ना, ती मातीत हळूहळू झिजते. ऊन, थंडी, मातीतले जंतू तिला कुरतडतात. कुणाची साल यंदा उघडेल, कुणाची पुढच्या साली, कुणाची पाच वर्षांनी. म्हणजे एका पावसानं दगा दिला तरी सगळं बी त्याच्या हाती लागत नाही. वेलाला कुठे माहीत असतं पुढचं वर्ष कसं आहे? म्हणून तो थोडी मुलं झोपवून ठेवतो. आई दर साली कडवट वेल उपटायची, पण गणंग येणारा वेल तिनं कधी उपटला नाही." मग म्हणाली, "मी यंत्राला चुकीचा प्रश्न विचारत होते वहिनी. आज उगवशील का, एवढंच विचारत होते."

बातमी फिरायला वेळ लागला नाही. ज्यानं त्यानं आपापलं कुंपण, उकिरड्याची कड, विहिरीचा काठ धुंडाळला. सगळ्यांकडे नाही, पण बऱ्याच ठिकाणी वेल निघाला, आणि निघाला तिथं त्याची मुळं आबांच्या त्या चिमटीत होती. माघात शेंगा वाळल्या आणि लोक दुकानात यायला लागले. कुणी रुमालाच्या गाठीत, कुणी काडेपेटीत, कुणी नुसतं मुठीत. मूठभर कुणीच आणलं नाही, चिमूटच आणली, कारण तेवढंच होतं. जुई एकेकाकडून दोन्ही हातांनी घ्यायची आणि त्या लाल वाटीत ठेवायची.

वाटी भरत आली तसं तिनं यंत्र उघडलं. आता ते श्वास ऐकण्याआधी आणखी एक गोष्ट बघतं. दमटपणा दिल्यावर बीचं वजन वाढलं का? वाढलंच नसेल, तर पाणी आत गेलेलं नाही, आणि मग श्वास नाही म्हणून त्याला मेलेलं ठरवता येत नाही. अशा बीच्या आत ते एक वेगळा उजेड सोडून बघतं, गर शाबूत आहे की कुजलाय. शाबूत असेल तर पिवळा दिवा लागतो. हिरवं जागं, पिवळं निजलेलं, लाल मेलेलं.

कंपनीची माणसं पुन्हा आली. त्यांना पिवळा दिवा नको होता. पैसे मोजणाऱ्या माणसाला निजलेलं बी कोण विकणार, असं त्यांचं म्हणणं. जाहिरात एकूण एक बी उगवण्याची होती, ती तशीच हवी होती. जुईनं त्यांना सरबत दिलं आणि म्हणाली, "दिवा राहणार असेल तर यंत्र घ्या, नाहीतर राहू द्या." ते राहू देऊन गेले. माझे यजमान हळहळले, मी नाही हळहळले. यंत्र करायला डोकं लागतं, ते पुष्कळांना असतं. ज्या यंत्रानं नाव केलं त्यालाच सगळ्यांसमोर अर्धवट म्हणायला काय लागतं, ते मला सांगता यायचं नाही, पण आमच्या घरात ते आहे याचा मला फार अभिमान आहे. पुढं दोन कृषी विद्यापीठांनी यंत्र घेतलं, पिवळ्या दिव्यासकट.

पुन्हा पेरणीचे दिवस आले. पहिलं बी आम्ही प्लॉटमध्येच वाढवलं, पुढच्या साली विक्रीला काढलं. पहिलं गिऱ्हाईक हलीमाभाभीच असणार हे आम्ही सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं.

यंत्रानं हिरव्या दिव्याचा पुडा बंद करून दिला. आबांनी तो भाभींच्या हाती ठेवला. तेवढ्यात जुई पुढं आली, पिवळ्या दिव्याच्या वाटीत तिनं बोटं घातली आणि चिमूटभर वाल भाभींच्या तळहातावर टाकला.

भाभी मिस्कील हसल्या. "ह्ये मेल्यालं का जित्तं, ताई?"

"निजलेलं. कुंपणाला टाका."

"आन् उगवंल कवा?"

बीच्या छातीला कान लावणारी आमची जुई हसली. "ते मला नाही माहीत, भाभी."

आबा तिच्या बोटांकडे बघत होते. "चिमूट मोठी घेतलीस गं," ते म्हणाले. "तुझी आय बी आशीच घ्यायची." मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितलं.